तुला पुण्याला ॲडमिट केलं

आये,

तू पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात आहेस, असं यंदाच्या थंडीत मी सगळ्या शाळेला सांगितलं. छातीत पाणी झालंय, ऑक्सिजन लावलाय, डॉक्टर काही नक्की बोलत नाहीत. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, घरातल्या भिंतीवर तुझ्या फोटोचा हार मी स्वतः बदलते, आणि तरी हे सांगताना माझी जीभ अडखळली नाही. मी पुण्यात होते हे खरं. पण एका हॉटेलच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून बुद्धिबळ बघत होते. खेळत नव्हते, नुसतं बघत होते. हे तुला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि सांगणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

झालं असं की संस्थेनं माझी बदली साताऱ्याहून शिराळ्याच्या शाळेत केली. इथं एक खोली भाड्यानं घेतलीय, शनिवारी शाळा सुटली की साताऱ्याला जाते, सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं परत येते. पोरगा शिकायला बाहेर, ह्यांची नोकरी साताऱ्यात. जुन्या शाळेतली निम्मी माणसं तुझ्या तेराव्याला जेवून गेली होती, तिथं असलं काही बोलताच आलं नसतं. शिराळ्यात मात्र तुला कुणी ओळखत नव्हतं. तू गेल्याची बातमी तिथं पोचलेलीच नव्हती.

बुद्धिबळाचं वेड तुझ्यामुळंच लागलं, हे काही तुझ्यावर ढकलायचं म्हणून लिहीत नाही. बाबांनी पलटणीतून ट्रंकेत घालून पट आणला, आणि गावात सगळे गडी पत्ते खेळणारे, म्हणून सुट्टीत बसून तुला शिकवलं. ते परत ड्यूटीवर गेले की तू मला समोर बसवायचीस. ज्वारीची काढणी नसली, दुपारची भांडी झाली, की चुलीपुढं पोतं अंथरून आपला डाव. खेळताना तू बोलायची नाहीस आणि मला बोलू द्यायची नाहीस. पण दुसऱ्याचा डाव बघत बसणं तुला कधी पटलं नाही. दिवाळीत बाबा आणि त्यांचा दोस्त खेळत होते आणि मी कडेला बसून हलेना, तेव्हा तू म्हणालीस, "दुसऱ्याच्या ताटात बगून पोट भरतंय व्हय गं?" मी आता पन्नाशीला आले आये, आणि अनेक वर्षं तेच करते. जगातल्या मोठ्या खेळाडूंचे डाव फोनवर चालू असताना दिसतात. पिठाच्या डब्याला फोन टेकवून मी भाकरी थापते आणि बघते. पटाच्या बाजूला एक पट्टी असते, अर्धी काळी, अर्धी पांढरी. मशीन हिशोब करतं आणि कोण वरचढ आहे ते त्या पट्टीत दिसतं. त्यातल्या एका मुलाचं मला वेड आहे. आपल्याकडचाच, माझ्या पोरापेक्षाही लहान. विचार करताना दोन्ही कानांवर हात ठेवून बसतो. तो जिंकला की मी शिरा करते, हरला की दुसऱ्या दिवशी वर्गात उगाच पोरांवर डाफरते. हे हसतात. म्हणतात, "स्वतःच्या पोराच्या दहावीचा निकाल तू एवढ्या काळजीनं बघितला नव्हतास."

तर ती मोठी माणसं पुण्यात खेळायला येणार होती आणि त्यांत तो मुलगाही होता. आयुष्यात पुन्हा इतक्या जवळ येतील न येतील. पण नेमकी दहावीची पूर्वपरीक्षा तेव्हाच. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं की आजारपण आणि मयत सोडून कुणालाही रजा मिळणार नाही. मी अर्ज लिहायला बसले. 'बुद्धिबळाची स्पर्धा पाहण्यासाठी' असं लिहिलं आणि वाचून मलाच कसंतरी झालं. बाईमाणूस, भूगोल शिकवणारी, पोरांची परीक्षा टाकून खेळ बघायला निघालीय. कागद फाडला. मग आजारपण. कुणाचं? ह्यांचं म्हणायला भीती वाटली. पोराचं तर तोंडातून बाहेर पडेना. वास्तू तथास्तु म्हणत असते, तूच सांगायचीस. मग तू आठवलीस. तुला आता काय होणार होतं? हाच विचार केला मी, अगदी ह्याच शब्दांत. आणि बाईंना मेसेज टाकला की आई सिरियस आहे, पुण्याला नेलंय.

तुझ्या आजारपणाचं खोटं मी एकदा आधीही बोलले होते. तिसरीत असेन. घरचा अभ्यास केला नाही म्हणून गुरुजींना सांगितलं की आये आजारी आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी वडूजला गुरुजी समोर आले आणि म्हणाले, "काय, बरं वाटतंय का आता?" मी तुझ्यामागं पिशवी धरून उभी. तू पापणी न हलवता म्हणालीस, "व्हय गुरुजी, हाय जरा बरं." घरापर्यंत एक शब्द बोलली नाहीस. घरी आल्यावर वाकळ अंथरलीस आणि आडवी झालीस. "मी आजारी हाय. कर आता समदं." मला वाटलं चेष्टा. पण तू उठलीच नाहीस. पाणी मी आणलं, शेण मी काढलं, भाकरी मी केली, ती करपली. तू एक तुकडा मोडून ताट सरकवलंस. "आजारी माणसाला भाकर जात न्हाई. पेज कर." पेज केली. मग म्हणालीस, "पाय चेप." अंधार पडेपर्यंत मी तुझे पाय चेपत बसले, रडत. तू डोळे मिटून पडली होतीस, आणि झोपायच्या आधी एवढंच बोललीस, "माज्या नावानं आजार मागू नगंस. मागितला की येतो त्यो, आन असा एका दिसात उठत न्हाई." दिवसाउजेडी तुला आडवं पडलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

खऱ्या आजारानं तू कधी पडलीच नाहीस. जेवून भांडी घासलीस, शेळीपुढं पाला टाकलास, भिंतीला टेकून बसलीस आणि तशीच गेलीस. मी साताऱ्याहून येईपर्यंत बायकांनी तुला आंघोळ घालायला पाणी तापत ठेवलं होतं. लोक म्हणाले, पुण्यवान, कुणाला काही करायला लावलं नाही. मी मान हलवली.

आता तो हॉल. स्टेजवर पट मांडलेले, पुढं दोरी लावलेली, आणि आम्ही बघे अंधारात. फोन दाराशीच काढून घेतात. पोरं, म्हातारी, आपापल्या लेकरांना घेऊन आलेले आईबाप, सगळे गप्प. कुणी खोकलं तर दहा जणं वळून बघणार. वर मोठ्या पडद्यावर डाव दिसायचे, पण पट्टी नव्हती. कोण जिंकतंय हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि तासाभरात माझ्या लक्षात आलं की मला काहीच कळत नाहीये. तुझ्यापुढं बसून जेवढं शिकले तेवढंच येतं मला. बाकी इतकी वर्षं मी डाव बघत नव्हते, पट्टी बघत होते. शेजारची शाळकरी मुलगी आपल्या बापाला बोटांनी खुणा करून पुढची चाल दाखवत होती आणि मी जाणकारासारखी मान डोलवत होते.

तरी तो मुलगा मला दिसत होता. फोनवर दिसतो त्यापेक्षा किरकोळ. चाल करून झाली की उठून पाण्याच्या बाटलीशी चाळा करत फिरायचा. पहिले दोन दिवस बरोबरी झाली. शेवटच्या दिवशी दोघांकडं एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली, आणि मागून कुणीतरी कुजबुजलं, "बरोबरीच आहे ही." त्याच्या घड्याळात वेळ संपत आलेला. त्यानं राजा एका बाजूला नेला, आणि दोन-तीन चालींनी त्याचे कान लाल झालेले दिसले, त्यावरून मला कळलं की राजा दुसरीकडं न्यायला हवा होता. थोड्या वेळानं त्यानं हार मानून हात पुढं केला. कागदावर सही केली. मग बसून सगळे मोहरे परत आपापल्या घरात मांडले, समोरच्याचेसुद्धा, आणि गेला. मला त्याच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. मनात म्हटलं, ह्याच्यासाठी मी आईला ऑक्सिजन लावला. मग दचकले. तू खरंच कुठंतरी खाटेवर पडलीयस असा तो राग होता.

बाहेर येऊन फोन घेतला. मोठ्या बाईंचे दोन कॉल येऊन गेले होते. शाळेच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं. आणि एक फोटो: सकाळचा परिपाठ, मैदानावर सगळी शाळा, पाचवीपासून दहावीपर्यंतची पोरं डोळे मिटून, हात जोडून उभी. खाली लिहिलेलं, 'मॅडमच्या आईसाठी दोन मिनिटं प्रार्थना.' माझ्या वर्गातली पोरं मला ओळखू आली. जी कधी एक मिनिट सरळ उभी राहत नाहीत, तीसुद्धा डोळे मिटून. तेवढ्यात हिंदीच्या मॅडमचा फोन आला. त्या मूळच्या शिराळ्याच्या, नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे, मी शाळेत आल्यापासून मला धरून वागलेल्या. माझे तास आणि माझं सुपरव्हिजन त्यांनीच घेतलं होतं.

"कशा हायत आई?"

"आहेत तशाच."

"जेवला का तुमी? स्वतःकडं बघा. आणि हिकडची काळजी करू नका, पेपर समदे मी गठ्ठे बांधून ठेवलेत." मग मधेच म्हणाल्या, "मॅडम, मागं टाळ्या कसल्या?"

आत बक्षिसं द्यायला सुरुवात झाली होती.

"शेजारी हॉल आहे," मी म्हटलं. "काहीतरी कार्यक्रम चाललाय."

"दवाखान्याशेजारी? काय माणसं असत्यात," त्या म्हणाल्या.

परत आले तर स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर शहाळी. शिपाईमामांनी आणलेली. हिंदीच्या मॅडमनी पिशवीतून एक लहान बाटली काढून हातात दिली. त्यांच्या आत्यानं मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी. "आमच्यात आजारी माणसाला देत्यात. तुमाला चालत असंल तर घोटभर पाजा." मी दोन्ही हातांनी घेतली. दुसरं काय करणार होते?

इथपर्यंतचं तरी मी कुणालातरी सांगू शकेन. ह्याच्या पुढचं सांगता येत नाही. सुटका सोपी होती. बरी झाली, घरी नेली, विषय संपला, एवढं म्हटलं असतं तर पंधरा दिवसांत लोक विसरले असते. पण रोज कुणीतरी विचारायचं, आणि मी सांगायला लागले. आज उठून बसल्या. आज पेज मागितली. केस विंचरताना ओरडल्या, म्हणाल्या, सावकाश ओढ. सोमवारी साताऱ्याहून आले की स्टाफरूममध्ये माझ्याभोवती बायका जमायच्या आणि मी शनिवार-रविवारचं सगळं सांगायचे. तुझे पाय कसे सुजलेत, तेल लावलं की कसं बरं वाटतं, पाय चेपता चेपता तू कशी झोपी जातेस. आये, एसटीत बसल्या बसल्या मी ठरवत यायचे, आज काय सांगायचं. कराडहून गाडी सुटली की मला हुरूप यायचा. साताऱ्यात घरी तुझ्या फोटोकडं बघत नव्हते मी त्या दिवसांत. फोटोतल्या तुझी अडचण व्हायला लागली होती.

मग एके दिवशी हिंदीच्या मॅडम शाळेत आल्या नाहीत. मी मामांना विचारलं. ते घंटेची दोरी गुंडाळत म्हणाले, "अब्बांना घिऊन सांगलीला गेल्यात. मोतीबिंदूचं आपरेशन हाय. मागंच व्हायचं व्हतं त्ये, तारीख पन मिळाली व्हती. तुमच्या आईमुळं ऱ्हायलं."

म्हाताऱ्याला दिसेनासं झालेलं, लेकीनं खटपट करून तारीख मिळवलेली, आणि ती तारीख तिनं सोडली, कारण माझे तास घ्यायचे होते. मला एका शब्दानं बोलली नव्हती. ऑपरेशन चांगलं झालं, डोळ्याला काही झालं नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण त्या रात्री मला घास गेला नाही.

त्या परत आल्यावर मधल्या सुट्टीत स्टाफरूम रिकामी होईपर्यंत मी थांबले. मग ती बाटली काढून त्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

"हे परत घ्या, मॅडम."

"पाजलं न्हाई?"

"आई नाहीये," मी म्हटलं.

त्यांचा चेहराच बदलला. हातातला घास डब्यात ठेवून त्या उठल्या, काहीतरी पुटपुटल्या, आणि मला दोन्ही हातांनी धरलं. "कवा? काल? आन तुमी शाळेत आलाय?" त्यांचे डोळे भरून आले होते. मी मनात कितीतरी दिवस तयारी केली होती, पण त्या माझ्यासाठी रडतील हे काही त्यात नव्हतं.

"लय वर्षं झाली," मी म्हटलं. शाळेत मी असं बोलत नाही. तुझ्याशी बोलायचे तसं आलं तोंडातून.

त्यांचे हात थोडा वेळ माझ्या खांद्यांवर तसेच राहिले. मग त्यांनी ते काढून घेतले आणि त्या खुर्चीवर बसल्या. "मग पुण्यात कोण होतं?"

"बुद्धिबळाची स्पर्धा होती."

"खेळायला गेला होता?"

"बघायला."

"बघायला," त्या म्हणाल्या. बाहेर पोरांचा गलका चालला होता. "मला सांगायचं होतं की. खरं काय ते."

"सांगितलं असतं तर तास घेतले असते तुम्ही?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, उगाच उत्तर दिलं नाही. "न्हाई. नसते घेतले. अब्बांना घेऊन गेले असते." आणि थोड्या वेळानं, "म्हणून तर सांगितलं न्हाई तुमी."

त्यांनी डबा झाकला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "ते केस विंचरायचं, पाय चेपायचं सांगत होता, ते?"

"काही नाही. बसल्या जागी गेली ती. मला काहीच करायला मिळालं नाही."

तेव्हा त्या रागावतील असं वाटलं, किंवा पाघळतील. दोन्हीतलं काहीच झालं नाही. त्यांनी बाटली उचलून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "मोठ्या बाईंना तुमचं तुमी सांगा. मी सांगणार न्हाई. पण कुणी विचारलं तर खोटं पण बोलणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "रजा बिनपगारी होईल. अर्ज खरा लिहून द्या." मी हो म्हटलं. मग त्या खिडकीतून मैदानाकडं बघत बसल्या. त्यांना माझ्यापेक्षा पोरांचं पडलं होतं. "मुलांना मी डोळे मिटायला लावले. त्यांना आता काय सांगू? ह्या वयात एकदा असं कळलं, की खऱ्या आजाऱ्यासाठीसुद्धा कुणी डोळे मिटणार नाही. त्यांना नका सांगू. विचारलं तर बऱ्या आहेत म्हणा, आणि विषय संपवा." ती माझी शिक्षा आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

हिंदीच्या मॅडम आता कामापुरतं बोलतात. डबा त्या खिडकीकडच्या टेबलावर खातात. परवा मी अब्बांच्या डोळ्याचं विचारलं तर म्हणाल्या, "पेपर वाचत्यात." एवढंच. त्या मुलाचे डाव अजून चालू असतात, कुठल्या कुठल्या देशात. फोन मी डब्याला टेकवते, पण पट्टीवर बोट ठेवून ती झाकते, आणि मग काही समजत नाही म्हणून बंद करते.

हे पत्र लिहून कुठं पाठवणार? गावाकडं आपल्या घराला कुलूप आहे. घडी करून ठेवीन किंवा चुलीत घालीन, अजून ठरवलं नाही. पण एक राहिलं. काल सातवीतल्या एका मुलीनं जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, आजी आता चालतात का?" मोठ्या बाईंनी मला बऱ्या आहेत एवढंच म्हणायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "चालते की. दारापर्यंत येते."

दारापर्यंत, हे माझ्या पदरचं.